बाळ बोलायला कसं शिकतं? गोव्यातल्या आईबाबांकडून नेहमी येणारे प्रश्न

मी फोंडा भागात बालवाडी चालवते, त्याआधी कॉलेजात भाषाशास्त्र शिकलेय, त्यामुळे ओळखीत कुणाचं पोर बोलायला लागलं नाही की पहिला मेसेज मला येतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवूया. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जे दुसरीकडे सांगून झालंय तिथे फक्त नंबर दिलाय. पोराला नीट ऐकू येतंय की नाही अशी शंका असेल तर बाकी सगळं राहू दे, आधी प्रश्न १५ वाचा.

१. बाळाला पोटात असताना खरंच ऐकू येतं का?

येतं. साधारण सहाव्या महिन्यात, म्हणजे २४-२५ आठवड्यांच्या आसपास कान काम करायला लागतात. पण पाण्यातून आणि पोटाच्या भिंतीतून आवाज जातो ना, त्यामुळे शब्द स्पष्ट पोचत नाहीत, बोलण्याची चाल पोचते, कुठे आवाज वर गेला, कुठे खाली आला, कुठे थांबला. त्यात आईचा आवाज सगळ्यात जास्त, कारण तो आतूनही जातो. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली, एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा, आणि बाळं आईचा आवाज येईल तसं चोखायला लागली. २००९ साली तर नवजात बाळांचं रडणंच रेकॉर्ड केलं, ३० फ्रेंच आणि ३० जर्मन. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं निघालं, जर्मन बाळांचं उतरत जाणारं, अगदी त्या त्या भाषेच्या चालीसारखं.

पोटाला हेडफोन लावायचा का असं पुष्कळ जणी विचारतात. गरज नाही हो. तुम्ही दिवसभर घरात बोलता तेवढं पुरतं.

२. ट आणि त मधला फरक इंग्रज लोकांना कळत नाही म्हणतात, मग त्यांच्या बाळांना कळतो का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण याचं उत्तर आपल्याच अक्षरांवर शोधलं गेलंय. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात हा प्रयोग केला, १९८४ साली छापून आला. हिंदीतले ट आणि त घेतले, मराठीत कोंकणीत आहेत तेच. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, स्पीकरवर एकच आवाज सारखा चालू, आणि मधेच तो बदलायचा. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली की बाजूला ठेवलेलं खेळणं उजळून हलायला लागतं, त्यामुळे ज्याला फरक कळतो ते बाळ लगेच मान वळवतं. इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर वळली! तशाच घरातल्या १० ते १२ महिन्यांच्या बाळांत मात्र फार थोडी वळली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांचं कौशल्य वर्षाला आलं तरी तसंच राहिलं.

आता तुम्ही मोठ्याने 'ताट' म्हणून बघा. एका शब्दात त पण आहे आणि ट पण, त म्हणताना जीभ दातांना लागते आणि ट म्हणताना मागे वळून टाळूला. आपल्या बाळाला हे कुणी शिकवावं लागत नाही, ते आधीपासून येतंच, आपण फक्त रोज वापरत राहून ते जागं ठेवतो. जे आवाज आपल्या भाषेत अर्थ बदलत नाहीत त्यांच्याकडे बाळ हळूहळू लक्ष देणं सोडतं. स्वरांचं हे त्याहून लवकर होतं, पॅट्रिशिया कूल यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सहा महिन्यांतच स्वीडिश बाळ आणि अमेरिकन बाळ स्वर वेगवेगळे ऐकायला लागलेली असतात.

३. म्हणजे वर्ष झाल्यावर नवीन भाषेला उशीर झाला का?

अजिबात नाही. कान बंद पडत नाहीत, लक्ष कुठे द्यायचं ते ठरतं, आणि ते पुढेही बदलता येतं, मेहनत जास्त लागते एवढंच. आणि लहानपणी ऐकलेलं सगळं पुसलंही जात नाही. कोरियातून नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेली माणसं मोठी झाल्यावर कोरियन पूर्ण विसरलेली होती, पण त्यांना कोरियन आवाज शिकवले तेव्हा ती इतर डच लोकांपेक्षा लवकर शिकली, त्यातली काही तर सहा महिन्यांची व्हायच्या आत कोरिया सोडून आलेली होती. हे २०१७ चं संशोधन.

४. आपण तर न थांबता बोलतो, मग एक शब्द संपला दुसरा सुरू झाला हे बाळाला कसं कळतं?

बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसतेच, ती फक्त लिहिण्यात असते. बाळ हिशोब ठेवतं. १९९६ मध्ये सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी ८ महिन्यांच्या बाळांना बनवलेल्या शब्दांची सलग साखळी ऐकवली, मधे श्वास नाही, हेल नाही, फक्त दोन मिनिटं. तेवढ्यात बाळांनी ओळखलं की कुठली अक्षरं कायम एकामागोमाग येतात आणि कुठे जोडी तुटते.

हे मराठीत लावून बघा. दिवसभरात बाळ ऐकतं 'बाळाला भूक लागली', 'बाळाचं दूध', 'बाळाने सांडलं', 'बाळाशी खेळ'. 'बा' नंतर 'ळा' दर वेळी येतं, 'ळा' नंतर मात्र कधी ला, कधी चं, कधी ने, कधी शी. म्हणजे 'बाळा' हा एक तुकडा आणि पुढचं सुटं होणारं शेपूट. शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय म्हणून जो तक्ता घोकला त्याची सुरुवात पोर पाळण्यातच करतं, आणि म्हणूनच बाळाशी पूर्ण वाक्यात बोला असं मी सगळ्यांना सांगते, नुसते सुटे शब्द फेकले तर हा हिशोब करायला त्याला काही मिळत नाही. स्वतःचं नाव मात्र बाळ त्याही आधी, साडेचार महिन्यांतच ओळखायला लागतं.

५. सात महिन्यांचं बाळ 'बाबाबा' म्हणतं, बाबाला हाक मारतंय ना?

बाबांना वाईट वाटेल, पण अजून नाही. ही बडबड आहे, साधारण ६ ते १० महिन्यांत सुरू होते. ओठ मिटून उघडले की ब, म, प आपोआप येतात आणि आपण मोठी माणसं लगेच म्हणतो, मला हाक मारली! म्हणूनच जगभर आईवडिलांची नावं याच आवाजांची असतात, कुठला आवाज कुणाला मिळेल ते मात्र ठरलेलं नाही, जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप. पण तुम्ही 'ओ' द्या, हसा, कारण दिलेल्या ओमुळेच त्या आवाजाला अर्थ येतो.

ज्यांना ऐकू येत नाही ती बाळंही सुरुवातीला आवाज काढतात, त्यामुळे घरचे फसतात, पण ही 'बाबाबा दादादा' छाप बडबड त्यांच्यात फार उशिरा येते. दहा महिने होऊन गेले आणि अशी बडबड नसेल तर १५ बघा.

६. बाळाशी मम्मं, भू-भू, भुर्र असं बोबडं बोलावं की सुरुवातीपासून नीट बोलावं?

बोला, बिनधास्त बोला. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतल्या या बाळबोलीवर अख्खा लेख लिहिला होता, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतली बाळबोली तपासली त्यातही मराठी होती. म्हणजे आपलं चिऊ, काऊ, हम्मा, जोजो, पापा हे काही गावंढळपण नाही. दोन सारखी अक्षरं, सोपे आवाज, ठसठशीत चाल, बाळाच्या तोंडात मावेल असंच ते घडलेलं आहे. आणि बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप उंच होतो, स्वर लांबतात, त्या लांबवलेल्या बोलण्याकडे बाळ जास्त लक्ष देतं हेही प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. फक्त पोर 'दूध' म्हणायला लागलं की तुम्हीही 'दुदू' सोडा.

७. पहिला शब्द कधी येतो? शेजारचं पोर अकराव्या महिन्यात बोललं, आमचं तेरा झाले तरी नाही.

साधारण वर्षाच्या आसपास, पण दोन-तीन महिने इकडेतिकडे अगदी नॉर्मल. तोंडातून येण्याआधी कळणं फार पुढे गेलेलं असतं, ६ ते ९ महिन्यांची बाळंसुद्धा खाण्याच्या वस्तूंची आणि अवयवांची काही नावं ओळखतात हे २०१२ मध्ये दिसून आलं.

शब्द म्हणजे शुद्ध उच्चार नव्हे. ठरावीक गोष्टीला दर वेळी तोच आवाज काढला की झाला शब्द. माझ्या भाचीचा पहिला शब्द होता 'पों'. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, ही आजीच्या कडेवर, म्हणून पाव म्हणजे पों. मग पोदेर पण पों, मग कुठलीही सायकल पों, आणि एकदा मंगेशीला जाताना रस्त्यावरचा ट्रकसुद्धा पों. असं एका शब्दाने दहा गोष्टी झाकणं हे पोरं काही महिने करतातच, नवीन शब्द आले की आपोआप आवरतं घेतात. दीड वर्षाच्या सुमारास पुष्कळ पोरांकडे पन्नासेक शब्द असतात आणि दोनापर्यंत 'बाबा भुर्र', 'पों संपला' अशा जोड्या यायला हव्यात.

८. अडीच वर्षांचा आहे, काकाला 'ताका' आणि रामला 'लाम' म्हणतो. जीभ जड आहे का? वेखंड लावू का?

जीभ जड नाही. क म्हणायला जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, त म्हणायला पुढचं टोक, आणि पुढचं टोक आधी ताब्यात येतं. र तर सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी, चार-पाच वर्षांपर्यंत वाट बघा. ळ पण उशिरा.

आणि गंमत बघा, पोराला फरक पक्का ऐकू येत असतो. आमच्याकडे एक बाबू होता, तो 'ताका आला' म्हणाला म्हणून मीही लाडात 'हो, ताका आला' म्हटलं, तर चिडून म्हणाला, 'ताका नाय, ताऽऽका!' त्याच्या डोक्यात तो काकाच म्हणत होता आणि मी चुकीचं बोलत होते. कान पुढे, तोंड मागे, हे सगळ्या पोरांचं असतं.

तीन वर्षांच्या पोराचं बरंचसं बोलणं परक्या माणसालाही कळायला हवं, चारपर्यंत जवळजवळ सगळं. तसं नसेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. जिभेखालची तार आखूड असली तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पण उशिरा बोलण्याचं कारण ती नसते. वेखंड घासून भाषा येत नाही, आणि ते मधात उगाळून देत असाल तर कृपा करून ऐका, वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

९. आधी 'केलं', 'गेला' नीट म्हणायची, आता 'मी करलं', 'बाबा जाला' म्हणते. बिघडलं कुठे?

बिघडलं नाही, वाढलं! आधी ती 'केलं' हा शब्द जसाच्या तसा पाठ म्हणत होती. आता तिला नियम सापडलाय, बस-बसला, पड-पडला, हस-हसला, मग कर-करला आणि जा-जाला का नको? असंच 'घोड्याला' ऐवजी 'घोडाला', 'कुत्र्याने' ऐवजी 'कुत्राने' येतं. हे तिने तुमच्याकडून ऐकलेलं नाही, कुणीच मोठं माणूस 'जाला' म्हणत नाही, म्हणजे नियम तिने स्वतः काढलाय. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून कधीच न ऐकलेलं नाव सांगितलं आणि दोन असतील तर काय म्हणशील असं विचारलं, मुलांनी बरोबर अनेकवचन करून दाखवलं. पाठांतराने हे होऊच शकत नाही. 'गेला', 'केला' हे अपवाद पुन्हा पुन्हा ऐकून परत जागेवर येतात, फक्त सगळे एका दिवशी येत नाहीत.

१०. मुलगा आहे तरी 'मी जाते', 'मी जेवते' म्हणतो. काळजी करू का?

नको. दिवसभर तो आईबरोबर, आजीबरोबर असतो, 'मी' हा शब्द त्याने बायकांच्याच तोंडून ऐकला, त्यांच्या 'मी' बरोबर 'ते' येतं म्हणून तो तेच घेतो. 'मी' चं रूप बोलणाऱ्यावर अवलंबून आहे हे कळायला बाबा, मामा, आजोबा यांचंही बोलणं कानावर पडावं लागतं. बहुतेकांचं शाळेत जाईपर्यंत सुटतं. त्याला 'तू काय मुलगी आहेस का' असं हिणवू नका, तो ऐकलेल्याशी प्रामाणिक आहे.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. कोंकणीत 'हांव वतां' म्हणताना बाई असो की पुरुष, रूप एकच. त्यामुळे कोंकणी ऐकत वाढलेल्या पोराला मराठीतला हा जातो-जाते भेद वेगळा शिकावा लागतो. उलटंही आहे, कोंकणीत 'हांवें केलें' म्हणताना 'मी' चं रूप बदलतं, मराठीत 'मी केलं', बदलत नाही, म्हणून आमच्या बालवाडीत कधी 'मीनं केलं' ऐकू येतं. आणि कोंकणीत लहान मुलीला 'तें' म्हणतात, नपुंसकलिंगी, मग मराठीत आल्यावर 'ताई आलं' असं निघतं. कुठून आलं ते कळलं की घाबरायला होत नाही.

११. मग चुका दुरुस्त करायच्या की नाही?

'असं नाही, नीट म्हण' असं थांबवून करू नका, त्याने पोर बोलायचंच कमी होतं. पोर म्हणालं 'बाबा जाला', तर तुम्ही म्हणा 'हो, बाबा गेला, ऑफिसला गेला'. बस. तसंही आईबाप व्याकरण फारसं सुधारतच नाहीत, १९७० मध्ये ब्राउन आणि हॅनलन यांनी घरातली संभाषणं तपासली तर आईबाप टोकायचे ते मूल खोटं किंवा चुकीची माहिती बोललं तर, वाक्य वाकडं असलं तरी गोष्ट खरी असेल तर मान डोलवायचे. तरी सगळी मुलं व्याकरण शिकलीच.

१२. घरी मराठी, शेजारी कोंकणी, सांभाळणारी बाई हिंदी, शाळा इंग्रजी. पोर गोंधळणार नाही का? एकच भाषा ठेवू का?

गोव्यातला नंबर एक प्रश्न. नाही गोंधळत. दोन-तीन भाषांमुळे पोर उशिरा बोलतं याला आधार नाही. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी वाटतील, सगळ्या भाषांतले मिळून मोजा, मग बरोबरीचे निघतात. 'मला पाव जाय' (जाय म्हणजे कोंकणीत हवा) असं मिसळून बोलणं म्हणजे गोंधळ नव्हे, जो शब्द हाताशी आला तो घेतला, मोठी माणसंही दिवसभर तेच करतात. दोन वर्षांची पोरंसुद्धा कुणाशी कुठली भाषा हे बऱ्यापैकी ओळखतात.

एक मात्र खरं, जी भाषा कमी ऐकू येते ती कमी येते. शाळेच्या सांगण्यावरून घरातलं मराठी बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाबा मी पाहिलेत आणि मला फार वाईट वाटतं, कारण पोराला इंग्रजी शाळेत मिळणारच असतं, पण आजीशी गप्पा मारायची भाषा घरातून गेली की ती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

१३. मी स्वतः अर्धी कोंकणी अर्धी मराठी बोलते. बाळाशी शुद्ध मराठीच बोलू का?

तुम्ही जे बोलता तेच बोला. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली, पण हा सगळा मोठ्यांचा विषय, बाळाला हवी असते ती आईला झोपेतही येणारी भाषा, ज्यात ती रागावते, गोंजारते, गुणगुणते. प्रयत्न करून बोललेली भाषा तोकडी पडते, वाक्यं छोटी होतात, आणि ४ मध्ये सांगितलेला हिशोब करायला बाळाला माल कमी मिळतो. पुस्तकी मराठी यायला गोष्टी वाचून दाखवा, संध्याकाळी घरात आरत्या, भजनं होतात तिथे बसवा, पेडण्यापासून सत्तरीपर्यंत कितीतरी पोरांच्या कानावर मराठी असंच पडलंय.

१४. मोबाईलवर मराठी बालगीतं लावली तर भाषा शिकेल ना?

लहान बाळ नाही शिकत. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने सिएटलमध्ये ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांबरोबर १२ वेळा खेळवलं, दर वेळी साधारण २५ मिनिटं, आणि ती बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला, त्यांना काहीच आलं नाही. पडदा बाळाकडे बघत नाही, बाळ हसलं की थांबत नाही. २०१९ च्या डब्ल्यूएचओच्या सूचनांत तर वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाहून जास्त नको असं आहे.

अपवाद व्हिडिओ कॉलचा. आपल्याकडे कितीतरी बाबा बोटीवर किंवा गल्फमध्ये असतात, ते विचारतात मी फोनवर बोलून काय उपयोग. उपयोग आहे. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं समोरून उत्तर देणाऱ्या व्हिडिओ कॉलवर नवीन क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर नाही. तेव्हा बाबांनी 'काय खाल्लंस' विचारून थांबायचं, पोर काहीतरी करेल, त्याला उत्तर द्यायचं.

१५. डॉक्टरकडे कधी जायचं? सगळे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात.

मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण तेवढ्यासाठी थांबू नका. वर्ष झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांत स्वतःहून दोन शब्दांची जोडी नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं बंद झालं. यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि आधी कान. आमच्या बालवाडीत अडीच वर्षांची एक मुलगी होती, गोड, शांत, सगळ्यांचं बघून टाळ्या वाजवायची, गोलात फिरायची. तिला आधी एका डॉक्टरांनी 'बोलेल, थांबा' म्हणून परत पाठवलं होतं, आणि आम्हालाही ती लाजाळू वाटायची. एके दिवशी ती पाठमोरी बसून ठोकळे रचत होती, बाहेर मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा अगदी दाराशी वाजला, सगळी पोरं दाराकडे धावली आणि ही ठोकळेच रचत राहिली. तपासणीत दोन्ही कानांना कमी ऐकू येतं असं निघालं. कानाला मशीन लागल्यावर काही महिन्यांत शब्द यायला लागले, पण वर्षभर आधी कळलं असतं हे मला अजून टोचतं.

म्हणून जन्मल्यावर महिन्याच्या आत ओएई ही कानाची साधी चाचणी करून घ्या, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) करून निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभागात विचारा. टाळी वाजवली आणि बाळ वळलं म्हणजे ऐकू येतं असं धरू नका, ते तुमची सावलीही बघून वळतं.

१६. ऐकू न येणाऱ्या बाळाशी खुणांची भाषा वापरली तर ते बोलणं शिकणार नाही का?

उलट, भाषा जितकी लवकर मिळेल तितकं बरं, मग ती हाताची असली तरी. खुणांच्या भाषेला स्वतःचं पूर्ण व्याकरण असतं. कर्णबधिर आईबाबांची बाळं हातानेच बडबड करतात हे १९९१ मध्ये पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी दाखवलं, आपली बाळं 'बाबाबा' करतात तशीच, साधारण त्याच वयात. खुणांनी बोलणं अडत नाही. मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) आणि खुणा बरोबरीने चालू शकतात.

१७. बाळ सातव्या महिन्यातच झालं. मग वर दिलेली वयं कुठून मोजायची?

डॉक्टरांनी बाळंतपणाची म्हणून दिलेल्या तारखेपासून मोजा, जन्मतारखेपासून नाही, दोन वर्षांचं होईपर्यंत. समजा ती तारीख चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपासची होती आणि बाळ दोन महिने आधी झालं, तर पुढच्या चवथीला ते चौदा महिन्यांचं दिसलं तरी बोलण्याच्या हिशोबाने वर्षाचंच धरायचं. फक्त १५ मधली कानाची तपासणी याला अपवाद. लवकर जन्मलेल्या आणि काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांना ऐकण्याच्या अडचणीचा धोका जास्त असतो, म्हणून हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच ओएई बरोबर बेरा पण झाली का ते विचारा, रिपोर्ट हातात घ्या आणि बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा.